शहाण्याने चढावी अशी पायरी

कामगारांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याने ग्राहकांच्या कायद्याविषयी का बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पगारवाढ, बोनस, बडतर्फी हे आमचे विषय. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या भांडणात आम्ही का पडावे? या शंकेचे उत्तर सोपे आहे. कामगार हा दिवसाचे आठ तास कामगार असतो आणि उरलेले सोळा तास गिऱ्हाईक असतो. कारखान्याच्या दारात त्याच्या पाठीशी संघटना उभी असते, म्हणून मालक त्याच्याशी बोलतो. तोच माणूस पगार घेऊन बाजारात गेला की एकटा पडतो. वर्षभर भांडून मिळवलेली वाढ निकृष्ट माल, खोटे वजन, न वाचलेला कर्जाचा करार आणि फसवी जाहिरात यांच्या वाटेने महिनाभरात निघून जाते. फाटक्या खिशात नाणी टाकावीत तसा हा प्रकार आहे. खिसा शिवल्याशिवाय कमाईला अर्थ नाही, एवढे ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ही ओळख कामगारांना फार पूर्वीच झालेली आहे. इंग्लंडातील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी १८४४ साली अठ्ठावीस माणसांनी, त्यांत बरेच विणकर होते, पै-पै जमवून स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ एवढाच त्यांचा माल. पण पिठात भेसळ नव्हती आणि वजन पुरे होते. त्या काळी एवढेसुद्धा नवलाचे होते. जगातील सहकारी चळवळ त्या दुकानाला आपले मूळ मानते. म्हणजे ग्राहकाच्या चळवळीचा पाळणा कामगारांच्याच घरात हलला.

आज आम्हांला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपल्याकडे हा कायदा कसा झाला आणि कसा वाढला, ही पहिली. जे देश एकेकाळी साम्यवादी होते त्यांनी असा कायदा केला तेव्हा त्यांना काय अनुभव आला, ही दुसरी. आणि भोर-वेल्ह्याच्या रहिवाशाला या सगळ्याचा उपयोग होण्यात अजून काय अडते, ही तिसरी.

मडके वाजवून घेण्याचा काळ

जुना नियम असा होता की घेणाऱ्याने पारखून घ्यावे. इंग्रजी कायद्याचा तो पाया, आणि १९३० चा आपला मालविक्रीचा कायदाही, काही अपवाद सोडले तर, त्याच पायावर उभा आहे. हा नियम मुळात वाईट नव्हता. गावच्या बाजारात कुंभाराकडून मडके घ्यायचे तर ते बोटाने वाजवून घ्यावे. नाद बद्द आला तर खाली ठेवावे. विकणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा आणि वस्तू डोळ्यांसमोरची. अशा बाजारात तो नियम शोभत होता.

परंतु मिक्सरची मोटार वाजवून कशी पाहावी? बियाण्याच्या बंद पिशवीत काय आहे ते कसे ओळखावे? विम्याचा कागद, सलाईनची बाटली, बँकेच्या कराराची वीस पाने यांना बोटाने टिचकी मारून काय कळणार? माल बदलला, विकणारा दूर गेला, आणि नियम मात्र मडक्याच्या काळातला राहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले नाहीत असे नाही. १९५४ साली अन्नातील भेसळीचा, १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा, १९७६ साली वजनमापांचा असे कायदे झाले. पण त्यांची रीत फौजदारीची. निरीक्षकाने पकडावे, सरकारने खटला भरावा, दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत जावा. ज्याच्या पोटात ते भेसळीचे तेल गेले त्याच्या हातात काहीच पडत नसे. त्याला भरपाई हवी तर दिवाणी दावा. त्यासाठी स्टँप, वकील आणि वर्षांमागून वर्षे. म्हणूनच शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपल्या लोकांनी अनुभवाने घडवली. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी दोन हजारांचा खर्च कोण करील?

आधी माणसे, मग कायदा

महाराष्ट्रात या कोंडीवर जो उपाय निघाला तो प्रथम माणसांनी काढला, सरकारने नव्हे. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले.

मुंबईची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एका वस्तीतील काही कुटुंबांनी गट करावा, महिन्याच्या किराणा मालाची यादी एकत्र करावी, माल ठोक भावाने घ्यावा आणि तो आपसात वाटून घ्यावा. यात कोणती विद्या आहे? एकट्याला दुकानदार ऐकत नाही, गटाला ऐकतो, एवढीच. आमच्या संघटनेची बाराखडीही हीच.

या माणसांना लवकरच कळून चुकले की गटाने साखर स्वस्त मिळेल, पण बिघडलेल्या वस्तूची भरपाई मिळणार नाही. त्यासाठी कायदाच पाहिजे. जगातही तेव्हा वारे त्याच दिशेने वाहत होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकाचे चार हक्क आपल्या संसदेपुढे मांडले होते. सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे ऐकले जाणे असे ते चार हक्क. १९८५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्याकडे चळवळीचा रेटा होताच. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

या कायद्यात नवे काय होते? कोर्टाची जी पायरी उंच होती ती त्याने खाली आणली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर वेगळी न्यायपीठे नेमली. जिल्ह्याच्या पीठावर न्यायाधीशाच्या जोडीला दोन सदस्य आणि त्यांतील एक स्त्री असावी असे ठरवले. साध्या कागदावर तक्रार करावी, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि सुरुवातीला तर फीही नव्हती. मुख्य म्हणजे भरपाई मिळेल ती तक्रारदाराच्या हातात. फौजदारी आणि दिवाणी या दोन्हींच्या मधली ही तिसरी वाट होती.

मग न्यायालयांनी ही वाट रुंद केली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरे बांधून देणारी सरकारी प्राधिकरणेही या कायद्यातून सुटत नाहीत. १९९५ साली डॉक्टर आणि रुग्णालये कायद्याखाली आली. जेथे सर्वांनाच उपचार मोफत आहेत असे रुग्णालय वगळले, पण जेथे काही रुग्ण पैसे देतात तेथे मोफत उपचार घेणारा गरीबही ग्राहक ठरला. १९९९ साली भविष्य निर्वाह निधीचा सभासद ग्राहक ठरला आणि २००७ साली कामगार राज्य विम्याचा विमेदारही ठरला. पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणजे ती सेवा फुकटची नव्हे, हे त्यामागील तत्त्व आहे. शिरवळच्या कारखान्यांत भोर तालुक्यातली किती तरी मुले कामाला जातात. फंडाचे पैसे अडले तर आपण याचक म्हणून नव्हे, ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे त्यांतील किती जणांना ठाऊक आहे?

शेतकऱ्याच्या दृष्टीने २०१२ चा निकाल फार मोलाचा आहे. बियाणे कंपन्या म्हणत की शेतकरी हा ग्राहक नव्हे, त्याने बियाण्याच्या कायद्याखाली जावे. शिवाय तक्रार करायची तर बियाण्याचा नमुना तपासायला आणावा. सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले, आणि आणलेले सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या माणसाने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षा अवास्तव आहे हेही ओळखले. हिरडस मावळात किंवा गुंजण मावळात भात लावणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पिशवी घरी आली की ती रोपासाठी वाफ्यात जाते. पुढे काही राहते ते बिल आणि रिकामी पिशवी. म्हणून त्या दोन्ही जपाव्यात, आणि रोप उगवले नाही तर वाट पाहत न बसता तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून शेताचा पंचनामा करून घ्यावा. पुढचा न्याय त्या कागदावर उभा राहतो.

जेथे सरकारच दुकानदार होते

आता थोडे दूर जाऊ. पूर्व युरोपातील देश आणि रशिया येथे चाळीस ते सत्तर वर्षे कामगारांचे राज्य असल्याचे सांगितले जात होते. आमच्यासारख्यांना त्याचे कुतूहल वाटणारच. कामगारांच्या राज्यात गिऱ्हाइकाची स्थिती काय होती? कारखाना सरकारचा, दुकान सरकारचे, भाव सरकारने ठरवलेला. बूट चावला तर तक्रार करायची कोणाकडे? सरकारविरुद्ध सरकारकडेच! यानोश कोर्नाई या हंगेरीच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली टंचाईवर मोठा ग्रंथ लिहिला. विकणारा घेणाऱ्याच्या मागे धावण्याऐवजी घेणारा विकणाऱ्याच्या मागे धावतो, ही त्या अर्थव्यवस्थेची खूण त्याने दाखवून दिली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेल्या आणि टेलिफोनसाठी वशिला शोधलेल्या पुणेकराला हे चित्र अगदीच परके वाटू नये. आपण साम्यवादी नव्हतो, पण परवाने आणि रांगा आपणही भोगल्या आहेत.

१९८९ नंतर ती राज्ये कोसळली. रांगा गेल्या, दुकाने मालाने भरली, आणि त्याबरोबर फसवणुकीलाही मोकळे रान मिळाले. कायदे भराभर झाले. चेकोस्लोव्हाकियाच्या चेक भागात १९९२ साली, रशियात १९९२ साली, हंगेरीत १९९७ साली. पोलंडात मक्तेदारीवर देखरेख ठेवणारे कार्यालय १९९० साली निघाले आणि १९९६ साली त्याच्याकडे ग्राहकांचेही काम आले. पुढे युरोपीय संघात शिरायचे तर संघाचे कायदे स्वीकारणे भाग होते. २००४ साली असे आठ देश संघात गेले, तेव्हा चांगल्यातले चांगले कायदे त्यांच्या पुस्तकात जमा झालेले होते.

पण पुस्तकातला कायदा बाजारात आपोआप उतरत नाही. रशियात कायदा झाला त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९९४ साली, दामदुपटीची लालूच दाखवणाऱ्या एका योजनेत लाखो लोक बुडाले. अल्बानियात १९९७ साली अशाच योजना कोसळल्या तेव्हा देशभर दंगे पेटले आणि सरकार गेले. लोकांना बाजाराची सवय नव्हती, न्यायाधीशांना नव्या कायद्याची सवय नव्हती, आणि ग्राहकांच्या संघटना दुबळ्या होत्या. कोणतीही संघटना सरकारच्या परवानगीशिवाय काढता येत नसे अशा समाजात ती एका रात्रीत कशी उगवणार? आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. १९७४ साली आपल्यापाशी दात होते, चणे नव्हते. १९९२ साली त्यांच्यापाशी चणे आले, पण दात नव्हते.

मात्र त्यांनी पुढे जे केले त्यातून आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली पोलंडची. तेथे ग्राहकांचा महासंघ १९८१ साली निघाला. सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना तेथे मोकळेपणाने श्वास घेत होती तेव्हाचे ते दिवस. म्हणजे दात थोडे आधी आले होते. नंतर १९९९ पासून त्यांनी प्रत्येक स्थानिक विभागात ग्राहकांचा एक कैवारी नेमला. हे विभाग आकाराने आपल्या तालुक्याएवढे, आणि देशभर तीनशेहून अधिक आहेत. या अधिकाऱ्याचा पगार स्थानिक स्वराज्य संस्था देते. तो फुकट सल्ला देतो, विक्रेत्याला पत्र लिहितो, आणि विक्रेता ऐकत नसेल तर ग्राहकाच्या वतीने दावाही करतो. तालुक्याला एक माणूस, एवढ्या साध्या गोष्टीने कायदा घरापर्यंत गेला.

दुसरी रशियाची. तेथील कायदा १९९६ साली सुधारला. त्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो तेथल्या न्यायालयात दावा करू शकतो. निवाडा ग्राहकाच्या बाजूने झाला आणि विक्रेत्याने आधी आपण होऊन पैसे दिलेले नसले, तर निवाड्याच्या निम्म्या रकमेचा आणखी दंड बसतो. दावा ग्राहकांच्या संघटनेने लढवला असेल तर त्या दंडातील निम्मा भाग संघटनेला मिळतो. यात मोठे शहाणपण आहे. न्यायासाठी झगडणाऱ्या संघटनेला जगण्याचे साधन कायद्यानेच दिले.

तिसरी गोष्ट कर्जाची. हंगेरी आणि पोलंड येथील लाखो कुटुंबांनी घरासाठी स्विस फ्रँक या परक्या नाण्यात कर्जे घेतली होती, कारण व्याज कमी दिसत होते. २००८ नंतर फ्रँक महागला, २०१५ च्या जानेवारीत तो एकाएकी उसळला, आणि हप्ते कुटुंबांच्या हाताबाहेर गेले. करारात बारीक अक्षरांत असे होते की विनिमयाचा दर बँक आपल्याच तक्त्यावरून ठरवील. युरोपचा १९९३ चा नियम असा की, ग्राहकाशी चर्चा न करता घातलेले आणि पारडे एकाच बाजूला झुकवणारे कलम ग्राहकावर बंधनकारक नाही. हा नियम कित्येक वर्षे कागदावर पडून होता. कर्जदारांनी तो उचलला, आणि २०१४ साली हंगेरीच्या व २०१९ साली पोलंडच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने कर्जदारांच्या बाजूने दार उघडले. त्यानंतर पोलंडात बँकांविरुद्धच्या दाव्यांची रीघ लागली. सही केली म्हणजे सगळे संपले, ही समजूत तेथे मोडली.

नवा कायदा : काय मिळाले, काय राहिले

आपला १९८६ चा कायदा मधल्या काळात दुरुस्त होत गेला आणि शेवटी २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून अंमलात आहे. त्याने दिलेल्या गोष्टी थोडक्यात अशा.

तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. पूर्वी कंपनी दिल्लीची असली की वाद तेथेच सुरू होई. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू-सेवेसाठी फी नाही. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे. तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. घरबसल्या संगणकावरून तक्रार दाखल करण्याची सोय २०२० साली झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे नवे दालन आहे. सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची मागणी करता येते. सदोष मालाने इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा यांची जबाबदारी वेगळ्या प्रकरणात सांगितली आहे. खोट्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करणारे केंद्रीय प्राधिकरण आहे. सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

अन्यायकारक कराराची व्याख्याही या कायद्यात प्रथमच आली. वाजवीपेक्षा जास्त अनामत मागणे, कराराच्या भंगाबद्दल अवाच्या सवा दंड लावणे, कर्ज मुदतीपूर्वी फेडू न देणे, सबळ कारणावाचून एकतर्फी करार मोडणे ही त्याची उदाहरणे. हप्त्यांवर दुचाकी किंवा मोबाईल घेणाऱ्या कामगाराच्या नित्याच्या अनुभवाची ही यादी आहे. परंतु येथे एक मेख आहे. अन्यायकारक करार म्हणून तक्रार करावयाची तर ती जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे, म्हणजे मुंबईच्या वाटेनेच, सुरू करावी लागते. सत्तर हजारांच्या दुचाकीचा कर्जदार त्यासाठी मुंबईचा रस्ता धरील काय? जो हक्क सर्वांत गरिबाच्या उपयोगाचा, तोच सर्वांत उंच फळीवर ठेवला आहे.

भोर-वेल्ह्याची वाट

आता आपल्या घरी येऊ. भोरहून किंवा वेल्ह्याहून पुणे पन्नास-साठ किलोमीटर. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. नाव मोठे झाले, पण तोरण्याच्या पायथ्यापलीकडच्या वाड्यांतून पुण्याला जायचे तर अजूनही एक दिवस मोडतो. भोरला दिवाणी न्यायालय आहे. म्हणजे जी पायरी उंच ती जवळ, आणि जी पायरी मुद्दाम सोपी केली ती दूर पुण्यात!

आमच्या संघटनेतील कंत्राटी कामगारांचा अनुभव आम्ही पाहिलेला आहे. घरात बारा-पंधरा हजारांचा फ्रिज येतो, दोन महिन्यांत थंड करणे सोडतो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुरुस्तीवाल्याकडे. कोणी तरी सुचवतो म्हणून तक्रार दाखल होते. मग तारीख. कंत्राटी माणसाला भरपगारी रजा नाही, म्हणून एका तारखेला एक रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे वर. समोरचा वकील पुढची तारीख मागून घेतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपला माणूस म्हणतो, जाऊ द्या. ‘जाऊ द्या’ हे दोन शब्द कायद्याच्या पुस्तकात कोठेही नाहीत, पण गरिबाच्या बहुतेक खटल्यांचा निकाल हाच असतो.

कायदा म्हणतो की ज्या तक्रारीत वस्तूची तपासणी लागत नाही ती शक्यतो तीन महिन्यांत आणि लागते ती पाच महिन्यांत निकाली काढावी. प्रत्यक्षात वर्षे जातात. आयोगांवरील अध्यक्षांच्या आणि सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली आपण होऊन घ्यावी लागली. निकाल लागला तरी विक्रेता अपील करू शकतो. निम्मी रक्कम आधी भरण्याची अट आहे हे ठीक, पण अपील म्हणजे पुन्हा राज्य आयोग. संगणकावरची सोय चांगली आहे, हे आम्ही नाकारत नाही. मात्र ज्या खोऱ्यात फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, आणि जेथे म्हाताऱ्या बाईला पावती कोणती आणि हमीपत्र कोणते हे वाचून दाखवायला कोणी नाही, तेथे यंत्र माणसाची जागा घेत नाही.

तेव्हा आज आपल्यापाशी चणे आहेत. दात मात्र झिजले आहेत. ग्राहकांच्या संस्था शहरांत टिकून आहेत, तालुक्यांत त्यांचा आवाज क्षीण आहे. कायदा सुधारला की काम झाले, असे जे पूर्व युरोपात प्रथम वाटले, तेच आपल्याला येथे वाटू लागले आहे. कायद्याची खरी सुधारणा त्याच्या कलमांत निम्मी होते. उरलेली निम्मी तो कायदा किती जवळ आहे आणि त्याचा हात धरून नेणारा कोणी आहे की नाही, यावर ठरते.

यासाठी आमच्या मागण्या चार आहेत, आणि चारही आवाक्यातल्या आहेत.

एक, जिल्ह्यात एकापेक्षा अधिक आयोग नेमण्याची मुभा आजच्या कायद्यातच राज्य सरकारला आहे. ते होईपर्यंत महिन्यातून निदान एक दिवस आयोगाची बैठक भोरला व्हावी, आणि भोर व वेल्हे या दोन्ही तालुक्यांची प्रकरणे त्या दिवशी घ्यावीत. न्यायाधीशाने साठ किलोमीटर येणे हे शंभर तक्रारदारांनी साठ किलोमीटर जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

दोन, अन्यायकारक करारांच्या लहान तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. ती मागण्याचे काम आपल्या आमदार-खासदारांमार्फत आपणच केले पाहिजे.

तीन, पोलंडप्रमाणे तालुक्याला एक पगारी ग्राहक-कैवारी असावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असते, पण ती सल्ला देणारी. आपल्याला सल्ल्याइतकाच तक्रार लिहून देणारा माणूस हवा आहे.

चार, ही मागणी सरकारकडे नसून आपल्या स्वतःकडे आहे. प्रत्येक कामगार संघटनेने, प्रत्येक दूध संस्थेने, महिलांच्या प्रत्येक बचत गटाने आपल्यातील दोन तरुण या कामासाठी तयार करावेत. त्यांनी महिन्यातून एकदा बसून लोकांच्या पावत्या तपासाव्यात, कंपनीला पत्र लिहावे, १९१५ वर नोंद करावी, आणि गरज पडली तर तक्रार दाखल करून तारखेला सोबत जावे. एकाच वस्तूने किंवा एकाच बियाण्याने अनेकांचे नुकसान झाले असेल तर सर्वांच्या वतीने एक तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे. दहा घरांचे रोप वाया गेले आणि दहा जण वेगवेगळे बसून राहिले, तर कंपनीला काहीच करावे लागत नाही. दहा जण एका कागदावर आले की तिला उत्तर द्यावे लागते.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही दुकानदाराविरुद्ध लोकांना चिथावता. तसे नाही. नसरापूरचा, भोरचा लहान दुकानदार हाही आमचा शेजारी आहे. वरून येणारा बंद डब्यातला माल तोही वाजवून घेऊ शकत नाही. जो पक्के बिल देतो आणि माल खोटा निघाला तर बदलून देतो, त्याला या कायद्याचे भय नाही. उलट खोटा माल विकणाऱ्याशी त्याची जी असमान स्पर्धा चालते तीत हा कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

संप, मोर्चे, वाटाघाटी यांत आम्ही जे शिकलो ते एवढेच की हक्क कागदावर मिळतो तेव्हा अर्धे काम होते, आणि उरलेले अर्धे पहिल्यापेक्षा कंटाळवाणे पण अधिक महत्त्वाचे असते. पावती जपून ठेवणे, पत्र लिहिणे, तारखेला जाणे यांत वीरश्री नाही. परंतु शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी पायरीच उंच होती. आपल्यासाठी ती खाली आणून ठेवली आहे. ती गावाजवळ आणवून घेणे, आणि एकट्याने नव्हे तर चौघांनी मिळून चढणे, हे काम आता आपले आहे.